आबांची आरोळी

शनिवार संध्याकाळ, निरवांगी

…आबांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि मी उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो. आमच्या बँडचं पहिलं हेवी मेटल गाणं आज बाहेर पडलं. त्याची सुरुवात आबांच्या आरोळीने होते. ते ज्वारीवरची पाखरं हाकत असताना ती मी न विचारता मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. त्यांना थट्टा वाटली तर? विचारायला काय झालं होतं मला?

गाणं आधीच ऐकलेली आई म्हणाली, "ह्यानं पाखरं न्हाय, माणसं पळतील."

आबांनी गाणं पुरतं ऐकलं. "आरोळी माझीच हाय न्हवं? पर त्या दिशी घसा बसला व्हता. सांगायचं तरी."

एवढंच. केवढं हलकं वाटलं.

रविवार. सकाळी आबांनी मला फोन घेऊन रानात नेलं आणि एकही पाखरू नसताना दोनदा आरोळी दिली.