केसाच्या जाडीत हजार भोकं

४ मार्च
बाबांचा अबोला चालूच. घरी एकटे असताना जिन्यावरून पडले, म्हणून दादाने आणि मी त्यांचं घर बंद करून त्यांना माझ्याकडे आणलं — आणि गुन्हेगार मी एकटी! दादा फोनवर म्हणतो, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीच रमले तर परत नेऊन सोडतो." एकटं? त्या जिन्यावर? माझा जीव थाऱ्यावर नाही.

५ मार्च
घरी ठेवायची भीती वाटते, म्हणून प्रयोगशाळेत घेऊन गेले. बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची, हातात पेपर. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

८ मार्च
जेवताना मी एकटीच बडबडते. आज शेल सांगितला — कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चिखलाचा काळा दगड, त्यात तेव्हाचे बारीक जीव कुजून मुरलेले, त्यांचंच पुढे खनिज तेल झालेलं. त्यातली भोकं इतकी लहान की केसाच्या जाडीत हजार बसतील. एकमेकांना जोडलेली असली तर तेल वाहतं, नसली तर आतल्या आत अडकून राहतं. म्हणून मायक्रोस्कोपखाली दगडाचा पापुद्रा तासायचा, फोटो काढायचा, पुन्हा तासायचा. फोटो बिघडला की संपलं; तासलेला पापुद्रा परत येत नाही!
बाबांनी रिकामा पेला पुढे सरकवला. ऐकलं की नाही, देव जाणे.

१२ मार्च
"हूं"सुद्धा नाही.

१४ मार्च
घात झाला! फोटोंत भोकांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. चाळीस पापुद्रे वाया. सर भडकले, "कशाने हादरतंय ते शोधा आधी!" मायक्रोस्कोपचा पंप तपासला, एसी बंद केला. तरी तेच. वैतागून दार उघडलं — तर बाबा! स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून टिपेच्या आवाजात झाडूवाल्या मावशींना सांगत होते, "अहो, केसाच्या जाडीत हजार भोकं! माझी मुलगी बघते ती. सोम्यागोम्याचं काम नाही!"
मावशी म्हणाल्या, "कमाल आहे हो पोरीची!"
मी दिसले आणि बाबांचं तोंड मिटलं. पेपर वर केला, तोही उलटा.
दार हळूच लोटलं. हसूही येत होतं, रडूही. किती दिवसांनी तो आवाज ऐकला! मायक्रोस्कोप हादरवत होता तो हाच; तरी सरांना म्हटलं, पंपच असेल.

१५ मार्च
बाबांची खुर्ची पॅसेजच्या पार टोकाला नेली. शेजारी मावशींसाठी स्टूलही ठेवलं.

३० मार्च
दादाचा फोन. "उद्या येतो न्यायला." "उद्याच?" मी ओरडलेच. बाबांनी फोन ओढून घेतला.
"येऊ नकोस. मला सवड नाही. आमचा दगड अजून अर्धा तासायचा राहिलाय!"
मग माझ्याकडे बघून, "चल गं, उशीर होतोय."