खरं बोलणारा काटा

योर्दानिस,

आईची नजर चालली आहे. ती पुरती जाण्याआधी तिला तू हवा होतास; मायामीहून तू पाठवलेला गाडीचा सेन्सर आला.

बाबांनी तो त्याच दिवशी बसवला. आपल्या शेवरले टॅक्सीच्या इंजिनातला रशियन गाडीचा सेन्सर काढला, तुझा घातला, वायर जोडली. कित्येक वर्षांनी तापमानाचा काटा खरं बोलू लागला. इंजिन ठीक, काटा मध्यावर.

पण जुना सेन्सर कमी दाखवायचा. त्यामुळे आपल्या घरात काटा मध्यावर म्हणजे पाणी उकळलं. बाबांनी भर हवानात टॅक्सी थांबवून बॉनेट उघडलं. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "म्हाताऱ्या, गाडी तापली की तू?" उतारू हसत दुसऱ्या गाडीत चढले. रोज हेच होऊ लागलं.

मी म्हटलं, "बाबा, आता काटा खरा आहे."

"असेल. मला खोटाच वाचता येतो, पोरी," म्हणत त्यांनी रशियन सेन्सर परत बसवला.

देश सोडणाऱ्यांना गद्दार म्हणणाऱ्यांची तोंडं मी भर सभेत बंद केली आहेत. तू गेलास, हा गुन्हा नाही. 'पुढच्या वर्षी नक्की येतो' हे दरवर्षी लिहितोस, तो आहे. बाबा आणि मी ते 'येणार नाही' असं वाचतो. आईने मात्र तुझी गादी उन्हात टाकली आहे.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं, तर तुझं उत्तर येईल, आणि ते मला तिला वाचून दाखवावं लागेल.

मायदेलिस