सुमनला "हो" म्हणत राहिलो

परतूर, मंगळवार संध्याकाळ

उदासीच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला. सुमन रोज विचारते, "अहो, फरक पडून राह्यला ना?" मी हो म्हणतो. नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरतो, ते बघवत नाही. आज तिच्यासाठी दुसरी भाकरी कशीबशी गिळली, तर लगेच बहिणीला फोन: "आता बिलकुल बरे हायेत!"

उद्या जालन्याला डॉक्टर विचारतील. डोस बदलायचा की नाही, ते माझ्या उत्तरावर ठरणार. तिला बाहेर बसवू? का म्हणून, असं विचारेल.

मघाशी म्हणाली, "डॉक्टरला मीच सांगते. जिंदगीभर बातम्या लिहिल्या, पण सोताचं सांगता येत न्हाई तुमाला."

यावर मी काय केलं? हसलो.

"बघा, हसायला बी लागले तुमी!"