लेट पुंजाजी

जळगाव जामोद
१२ जानेवारी १९६४

ती. आईस कोकिळेचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. शाळेतल्या नोकरीत रुळले. घरमालकीण वच्छलाबाई जीव लावतात. संध्याकाळी नवऱ्याचं ताट वाढून बसतात. म्हणतात, "ते लेट हायेत, येतीनच."

शाळेच्या कोनशिलेवर इंग्रजीत त्यांच्या नवऱ्याचं नाव वाचलं, 'लेट पुंजाजी'. काल धीर करून बाईंना म्हटलं, "इंग्रजीत लेट म्हणजे वारलेला."

त्या हसल्या. "उशीर बी होते ना वं, पोरी?"

मी "हो" म्हटलं. तेवढ्यात ओसरीवर कोणी खाकरलं. बाई पाण्याचा तांब्या घेऊन उठल्या. मी वळून पाहिलं नाही, खोलीत जाऊन कडी लावली. बाहेर बराच वेळ दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

तुझा गुडघा कसा आहे? काळजी करू नकोस. फक्त दादाला येत्या रविवारी पाठव. दुसरी खोली बघायची आहे.

तुझी,
कोकिळा