उरलेला चौथा सेन्सर

दि. १४ मार्च

मावशी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल. गुडघा काय म्हणतो? इकडे आईचं तेच चाललंय. कंबर वळू देत नाही, कूस बदलायला दोन माणसं लागतात. तुमच्या जागी जी बाई येते ती आईला गोणी उचलावी तशी उचलते. तुमचा हात तिला नाही.

मी एक उद्योग केला. घराला चोराचा अलार्म बसवला, तोही स्वतः. तुम्हाला हसू येईल, बल्ब बदलतानाही मी तुम्हाला स्टूल धरायला लावायचे.

ही कल्पना माझ्या धाकट्या भावाची. तुम्ही गेल्यावरही आईच्या दुखण्याच्या गोळ्या कमी होतच राहिल्या. धाकटा म्हणाला, "मावशीने किल्ली करून घेतली असणार. मागच्या दाराने येत असेल." मला ते पटलं. लगेच पटलं, हे आधी लिहून टाकते.

मग खोका आणला. त्यात एक पेटी, एक भोंगा, वायरचं रीळ आणि चार सेन्सर. सेन्सर म्हणजे दोन लहान तुकडे, चुंबक दारावर आणि त्याचा जोडीदार चौकटीवर. दार बंद असेपर्यंत वायरीतून वीज फिरत राहते. दार उघडलं की ती तुटते आणि भोंगा वाजतो. तीन दिवस मी भिंतीच्या कडेकडेने वायर ओढत होते. धाकटा शिडी धरून उभा, क्लिपा हातात देतोय, वर "शाबास इलेक्ट्रिशियनबाई" म्हणतोय. स्वयंपाकघराच्या दोन खिडक्या मी आधी चुकीच्या जोडल्या. एक उघडली तरी दुसरीतून वीज जातच राहायची, भोंगा गप्प. पुन्हा सगळं सोडून एकामागोमाग एक जोडल्या.

पुढचं दार, मागचं दार आणि त्या खिडक्या मिळून चारही सेन्सर लागले असते, पण एक खिडकी पूर्वीच खिळे ठोकून बंद केलेली होती हे मागाहून ध्यानात आलं. तिचा सेन्सर काढला. उरला तो मी आईच्या औषधांच्या कप्प्याला आतून बसवला आणि वायर कपाटामागून नेली. तेव्हा धाकटा केस कापायला गेला होता. त्याला सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं नाही, मावशी. मी सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी चार वाजता पेटी चालू ठेवून मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. भोंगा वाजला. धावत खाली आले. दोन्ही दारं बंद, खिडकी बंद. पेटीवर चार नंबरचा, म्हणजे कप्प्याचा, दिवा लाल. आईच्या खोलीत धाकटा कप्प्यापाशी उभा होता, हातात बाटली, तोंडात गोळ्या, ओठांना पांढरं लागलेलं.

पहिलं काय बोलला माहीत आहे? "आधी हे बंद कर, शेजारी ऐकतील."

मी भोंगा बंद केला. मग त्याने गोळ्या तळहातावर थुंकल्या आणि तो हात माझ्यापुढे धरला. "घे, दोनच आहेत. पुसून परत ठेव."

मला ओकारी आली. खरोखरच आली, न्हाणीघरात जाऊन ओकले. पाठीच्या दुखण्यासाठी म्हणून वर्षापूर्वी त्याने त्या गोळ्या सुरू केल्या होत्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. महिनाभर आई रात्रंदिवस कण्हत होती आणि हा तिच्या उशाशी बसून तिचे पाय चेपत होता. आता त्याला व्यसन सोडवायच्या दवाखान्यात ठेवलंय. सगळे म्हणतात, तो आजारी आहे. असेल. मला त्याच्या हाताचा पेलासुद्धा धुववत नाही.

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही.

तो गेल्यावर मी आईजवळ बसले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्याला फार बोलू नकोस. दोन गोळ्या कमी घेतल्याने मी काही मरत नव्हते."

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माझ्यासमोरच तर घ्यायचा. मी डोळे मिटून पडायचे."

"आणि मावशी?"

तिने पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाली, "तिला दुसरं काम मिळेल. त्याला दुसरी आई कुठून मिळणार?"

मावशी, ज्या आईचं तुम्ही तीन महिने हगणंमुतणं काढलंत, ती हे म्हणाली. मी तुमची पिशवी ओसरीवर, शेजाऱ्यांदेखत उपडी केली तेव्हा ती खोलीत जागी होती. पिशवीतून काय पडलं? कंगवा, चष्म्याचं घर, आईसाठी तुम्ही शिवलेली लहान उशी. तुम्ही एवढंच म्हणालात, "ताई, बाहेर शोधू नका, आत बघा." मी तुम्हाला उद्धट म्हटलं. त्यांच्या दोघांच्या किळसेपेक्षा मला माझी किळस जास्त येते, कारण त्या दिवशी तुम्ही पायऱ्या उतरलात तेव्हा मला हायसं वाटलं होतं. चोर घरातला नाही म्हणून.

तुम्हाला पाठवणाऱ्या ब्यूरोत काल जाऊन आले. तुमच्याविरुद्धची माझी तक्रार खोटी होती हे माझ्या सहीने लिहून दिलं, त्याची नक्कल सोबत आहे. ज्या चार दारांनी ओसरीवरचं ते बघितलं त्या चारही दारांत जाऊन सांगितलं. एकीने "जाऊ दे गं" म्हटलं. मी तिला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

आई म्हणते, मावशीला बोलावून घे. मी तुम्हाला या म्हणत नाही. येऊ नका. जिथे तुमच्या शब्दाला किंमत असेल अशा घरी काम धरा. ती उशी आईपाशीच राहिली होती, मी तिच्या कमरेखालून काढून घेतली, ब्यूरोत ठेवली आहे. ती तुमची आहे.

तुम्हाला चोर म्हणणारी,
चोराची बहीण