अलकाची नऊ वर्षं

३ नोव्हें., सोमवार
कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसातून पवार मॅडमचं बोलावणं. वाटलं, काढतात आता कामावरून. तसं नव्हतं. जुन्या कंपनीतला माझा पीएफ इकडच्या खात्याला जोडला जात नाही म्हणे. तिकडे नाव अलका बबन, इकडे वैशाली संतोष. "सिस्टीमला तुम्ही दोन बायका वाटताय," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

लग्नाआधी मंचरला मावशीकडे राहून त्या कंपनीत लागले तेव्हा अलकाच होते. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं वैशाली लिहिलं. मग सासरी वैशाली, रेशनकार्डावर वैशाली, आधारवर वैशाली. कंपनीत मात्र अलका ती अलकाच. नाव बदलायचं म्हटलं की तिथले जाधवभाऊ म्हणायचे, "राहू दे गं, पुढं बघू." मीही राहू दिलं. लाईन बंद पडून घरी बसवलं तोपर्यंत.

उसात बिबट्या आहेच. फाट्यापासून घरापर्यंत आम्ही कामावरच्या चौघी मोठमोठ्यानं बोलत आलो. काय बोललो ते आठवत नाही.

६ नोव्हें., गुरु.
जेवणाच्या सुट्टीत मॅडमना परत गाठलं. जोडायची भानगड नकोच, काढूनच घेतले तर? त्या म्हणाल्या, काढायलाही नाव जुळायला हवंच. आणि काढू नका. तिथली नऊ वर्षं आणि इथलं एक, जोडली की दहा. दहा झाली की म्हातारपणी पेन्शन. सगळं काढून मोकळ्या झालात तर वर्षंही गेली.

पेन्शन! आमच्यात कधी कुणाला आहे? आईला गोळ्या आणायच्या तर भावाच्या दारात उभी राहते, आधी नातवाची चौकशी करते, मग गोळ्यांचं काढते. मला तसं उभं राहायचं नाही. बस, एवढंच.

घरात कुणाला या पैशाचं माहीत नाही. मी सांगितलंच नाही. सांगितलं की गेले. माझं गंठण गेलं तसे. दादांना, म्हणजे मोठ्या दिरांना, फुलांचं पॉलीहाऊस करायचं होतं. वादळात त्याचा प्लास्टिकचा कागद उडाला, गंठणाचं नाव परत निघालं नाही. दादा वाईट नाहीत. सासरे गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. म्हणूनच ह्यांच्या तोंडून दादांना "नाही" निघत नाही. आता ट्रॅक्टर घ्यायचं घाटतंय.

८ नोव्हें., शनि.
अर्धी रजा टाकून मंचर. जाधवभाऊ केव्हाच सोडून गेले. नवीन साहेब बरा आहे, पण कागदाशिवाय बोलत नाही. कंपनी सही देईल, दोन्ही नावं असलेला लग्नाचा दाखला आणा. "आम्ही कुणाकुणाला ओळखायचं ताई?"
खरंच आहे. खिडकीतून लाईन दिसत होती. मशीन नवं, बायका नवीन. अलकाला ओळखणारं तिथं कोणी उरलेलं नाही. घाबरायलाच झालं. उद्या कुणी म्हणालं अशी बाई नव्हतीच, तर मी काय दाखवू?

९ नोव्हें., रवि.
पिंपळवंडीला आईकडे. पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिका सापडली. चि. सौ. कां. अलका. आई म्हणाली, "अलके, गुपचूप करून टाक. कुणाला सांगू नको." मी म्हटलं, अगं, दाखला नवऱ्याच्या सहीशिवाय मिळत नाही. दोघांना ग्रामपंचायतीत उभं राहावं लागतं. आईनं पेटी बंद केली. मग म्हणाली, "मंग कसं गं व्हनार?"
ज्यांच्यापासून लपवलं त्यांनाच घेऊन जायचं. दुसरा रस्ता नाही.

१२ नोव्हें., बुध.
आज सांगणारच होते. भाकरी वाढली, तोंड उघडलं, तेवढ्यात दादा येऊन ओट्यावर बसले. ट्रॅक्टर, हप्ता, डाऊनपेमेंट. मी आत. दादांसमोर मी बोलत नाही. लग्न झाल्यापासून नाही. काही सांगायचं तर ह्यांच्याकरवी, नाहीतर दाराआडून. कोल्ड स्टोरेजमध्ये ड्रायव्हरांवर ओरडते ती मीच, पण इथं डोक्यावर पदर आला की घसा मिटतो.

१४ नोव्हें., शुक्र.
सांगितलं.
उशीर झाला म्हणून हे फाट्यावर घ्यायला आले. गाडीला काठी बांधलेली, मोबाईलवर गाणी मोठ्यानं, बिबट्याला माणसाची चाहूल लागावी म्हणून. घरी भिंतींना कान, म्हणून गाडीवरच बोलायला लागले. मागून, पाठीकडे बघत. ते सोपं गेलं. पीएफ, पेन्शन, दाखला, सगळं. ह्यांनी गाडी थांबवली. दोन्हीकडे ऊस. गाणं पण बंद केलं.
"लपवलंस व्हय माझ्यापून?"
"लपवलं नाही. सांगितलं नाही."
ऊस सळसळला तरी माझा जीव वरखाली. मग म्हणाले, "दादाला कळलं म्हंजी?" आवाज बारीक, अगदी माझ्यासारखा. तेव्हा कळलं, हेही घाबरतात. इतकी वर्षं मला वाटायचं ह्यांना फक्त माया आहे दादांची.
म्हटलं, अहो, आधी गाडी तर चालू करा.
घरी आल्यावर हात धुताना म्हणाले, "मंगळवारी भाऊसाहेब असत्यात." ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात.

१८ नोव्हें., मंगळ.
ग्रामपंचायत. तीन साक्षीदार लागतात. ह्यांचा मित्र आणि त्याची बायको आले, तिसरा आलाच नाही. दादा समोर पारावर पेपर वाचत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, वर बघू नका, बघू नका. भाऊसाहेबांनीच हाक मारली, "अहो दादा, या की. घरचंच काम हाय, घरच्या थोरल्याची सही पायजेच." त्यांची काय चूक, गावात असंच चालतं.
दादा आले. चष्मा लावला. सगळं वाचलं. "लग्नापूर्वीचं नाव अलका. आरं, मी इसरलोच व्हतो हे." मग ह्यांच्याकडे बघून, "इतक्या वर्षांनी दाखला कशाला रं?"
माझी नजर फरशीवर. हे म्हणाले, "लागतो आता समदीकडं."
"बरं," दादा म्हणाले आणि सही केली.
दादांचं बरं मला माहीत आहे. गंठणाच्या वेळीही आधी नुसतं "बरं" म्हणाले होते, मागितलं नंतर.

२० नोव्हें., गुरु.
दाखला हातात आला. दोन्ही नावं एका ओळीत. किती वेळ बघत बसले. उद्या मंचर, साहेबाची सही, मग पवार मॅडम. इतकं सोपं वाटलं की तेव्हाच धास्ती बसली.

संध्याकाळ. दादा ओट्यावर आलेत. चहा टाकलाय, शेगडीपाशी उभी राहून हे लिहितेय. काहीतरी हाताला हवं, नाहीतर भांडी पडतील.
दादा: "संत्या, वैशालीचं कंपनीतलं पैसं निघायचंत म्हनं. ट्रॅक्टरचं पुढच्या आठवड्यात ठरतंय. किती हायेत?"
कुणी सांगितलं असेल? आता काय उपयोग.
हे गप्प. मी ओळखते ही शांतता. गंठणाच्या वेळी अशीच होती, आणि मग "घे की दादा" आलं होतं. देवा, बोलू नका काही, किंवा बोला तरी.

हे बोलले. जसंच्या तसं लिहिते:
"मला काय इचारतो दादा. पैसं अलकाचं हायेत. तिला इचार."
अलका म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा.
दादा खाकरले. मग, "बोलीव मंग तिला."

चिडू की रडू कळत नाही. माझ्या बाजूनं बोलले की माझ्यावर ढकलून मोकळे झाले? दोन्ही असेल. "जोडायचेत, काढायचे नाहीत," एवढंच म्हणायचंय. पुटपुटून बघितलं, आवाजच फुटत नाही.
हे परत हाक मारतायत. अलका म्हणूनच.
चहा गाळते आणि जाते.