फाइलमधलं एक वाक्य

प्रिय सूनबाई,

घटस्फोट झालेल्या सुनेला पत्रात काय म्हणायचं, हे आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवलं नाही. बिशपला कसं लिहायचं, मंत्र्याला कसं लिहायचं, आजारी मैत्रिणीला कसं लिहायचं, सगळं घोटून घेतलं. सुनेचा धडाच नव्हता. म्हणून जुनंच नाव ठेवलंय. आवडलं नाही तर सांग, बदलेन. आणि मराठीत लिहितेय, कारण एकतीस वर्षं मोठ्या साहेबांची स्टेनो म्हणून मी इंग्रजीत एकतर भांडले, नाहीतर दुसऱ्यांची भांडणं टाइप केली. त्या भाषेत मला गोड बोलता येत नाही. मराठीतही फारसं येत नाही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते.

पहिली बातमी ही की कार्ड आलं. मंगळवारी सकाळी कुरियरवाल्याने बेल मारली, सही घेतली आणि पाकीट हातात ठेवून गेला. ठेवीवर मिळालेलं नाही, खरंखुरं, माझ्या नावावर बँकेने विश्वासाने दिलेलं क्रेडिट कार्ड. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात दोनदा उलटसुलट करून पाहिलं, जशी काही कोणी मला पदवी दिली. सोबतच्या पत्रात बँकेने माझं अभिनंदन केलंय आणि पहिल्याच ओळीत स्पेलिंग चुकवलंय. मी ते लाल पेनने दुरुस्त केलं, पण पत्र परत पाठवलं नाही. बघ, सुधारतेय मी.

आता थोडं जुनं उगाळते, कंटाळू नकोस. आमच्या चिरंजीवांनी लॉन्ड्री काढायचं मनावर घेतलं तेव्हा त्यांचं नाव आधीच दोन बँकांत खराब झालेलं होतं. म्हणून कर्जावर सह्या कोणाच्या, तर तुझी आणि माझी. माझं पेन्शन, तुझा पगार. कपाटाएवढाली चार यंत्रं आली. त्यांत लोकांचे कपडे कमी आणि आपली अब्रूच जास्त धुतली गेली. दीड वर्षात दुकानाला कुलूप, मग वसुलीवाल्यांचे फोन, मग तुमचा घटस्फोट. तो दुसऱ्या गावी दुसऱ्या धंद्यात गेला. मागे राहिलो मी, तू, तुमची लेक भिंगरी आणि आठ लाखांचं कर्ज.

तेव्हा मी बँकेला ते पत्र लिहिलं. तीन पानी. वसुलीवाला मला फोनवर 'ए आजी' म्हणाला होता, त्याचाही समाचार त्यात होता. दोन महिने पत्रापत्री झाली आणि शेवटी बँकेने पाच लाखांत मिटवायचं कबूल केलं. तीन लाख सोडले. पाच लाख मी माझ्या निवृत्तीच्या पैशांतून भरले आणि इतकी हवेत गेले म्हणतेस! त्या पत्राच्या झेरॉक्स काढून चार घरी दाखवल्या: दोघी बहिणींकडे, नणंदेकडे आणि शेजारच्या हेडबाईंकडे. बँकेला कसं वठणीवर आणायचं ते शिका म्हटलं माझ्याकडून. तुला तेवढं ते पत्र दाखवलं नाही.

माझी हवा काढली ती फ्रिजने. जुना फ्रिज बंद पडला, नवा हप्त्यांवर घ्यावा म्हणून दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने माझा नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि मागे सहा माणसं उभी असताना खणखणीत आवाजात म्हणाली, "मावशी, सिस्टिम नाही म्हणतेय." मी म्हटलं, सिस्टिमला माझा नमस्कार सांग आणि कारण विचार. मागचे सहाही जण हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षांत ऑफिसला एक दिवस उशीर नाही, वाण्याची उधारी नाही, लायब्ररीचं पुस्तक वेळेच्या आत परत. आणि मला नाही म्हणते? त्या आठवड्यात इरेला पेटून मी चार बँकांत क्रेडिट कार्डाचे अर्ज टाकले. चौघींनीही नकार दिला, आणि तोही सभ्य भाषेत. सभ्य भाषेतला नकार जास्त लागतो.

त्या रविवारी तू भिंगरीला सोडायला आलीस. एरवी दारातून 'येते आई' म्हणून जायचीस, कारण तोवर आपल्यात बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. पण मोरीतल्या बादलीत दुधाचं पातेलं ठेवलेलं पाहिलंस आणि थांबलीस. दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमधून थेट आली होतीस. नखांत प्लास्टर तसंच होतं. फोनवर माझा क्रेडिट रिपोर्ट काढलास, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो मला ओळीनं वाचून दाखवलास. "आई, बँकेने तीन लाख सोडले म्हणजे ती विसरली असं नाही. या बाईने पूर्ण फेडलं नाही, कमी पैशांत मिटवलं, असं लिहून ठेवलंय तिने. पुढची प्रत्येक बँक आधी तेच वाचते." मी तणतणले. घासाघीस करून पैसे वाचवले तर शाबासकी द्यायची सोडून शिक्षा? तू शांतपणे म्हणालीस, "भाजीवाला घासाघीस विसरतो. बँक नाही विसरत." आणि ते चार अर्ज ऐकून कपाळावर हात मारलास. प्रत्येक अर्जाची नोंद होते, चार ठिकाणी हात पसरलेला दिसला की पाचवा घाबरतो, हे मला कोणत्या नन सांगणार होत्या?

पुढचं सगळं तूच केलंस. माझी एक लाखाची मुदत ठेव तारण ठेवून छोटं कार्ड मिळवून दिलंस. म्हणजे माझेच पैसे बँकेकडे गहाण आणि तेच पैसे मला उधार. असला उफराटा कारभार मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तसं मी तुला दर रविवारी ऐकवलं. पहिल्या महिन्यात मी मर्यादेच्या टोकापर्यंत खर्च केला आणि पै न पै भरली, वर कौतुकाची वाट बघत बसले. तू म्हणालीस, एक तृतीयांशाच्या वर जायचं नाही, वेळेवर भरलं तरी हावरेपणा दिसतो. दुसऱ्या महिन्यात मी बिलाचा चेक बँकेच्या पेटीत टाकला, सोबत दोन परिच्छेदांचं पत्र जोडून. तो तारीख उलटून पोचला आणि दंड बसला. तू रागावली नाहीस. फोनमध्ये बिल आपोआप भरलं जाईल अशी सोय केलीस आणि हसून म्हणालीस, "आई, पत्र न लिहितासुद्धा पैसे भरता येतात." दोन वर्षं दर रविवारी तू माझं बिल पाहिलंस, माझ्या आईने माझी शाळेची वही पाहिली नसेल इतक्या बारकाईने. ऋणी आहे हा शब्द मी ऑफिसच्या पत्रांत शेकड्याने वापरला. या वेळी मनापासून लिहितेय.

मधल्या काळात तू स्कूटर विकलीस आणि बसने यायला लागलीस. रविवारी लॅबमध्ये जादा काम धरलंस, भिंगरीला दिवसभर माझ्याकडे ठेवून. माझ्या जिभेला हाड नाही, तुला माहीत आहे. "मुलीपेक्षा लोकांचे दात महत्त्वाचे झाले का?" असं मी एकदा भिंगरीसमोर म्हणाले. तू चप्पल घालता घालता एवढंच म्हणालीस, "थोडेच महिने आई." मला वाटलं, फ्लॅटसाठी साठवतेस. फ्लॅटच्या कर्जाचं काय झालं, म्हणून मी दोनदा विचारलं. 'बघू' म्हणालीस. त्या 'बघू'च्या मागे काय होतं ते उकरून काढायची अक्कल मला झाली नाही, आणि मी लोकांच्या पत्रांतले स्वल्पविराम शोधायचे.

कार्ड मिळाल्यावर बुधवारी मी नवी साडी नेसून बँकेत गेले. आपल्या कर्जाची फाइल जिच्याकडे होती त्या ऑफिसरबाईंना कार्ड दाखवायचं आणि दोन वर्षांच्या शिस्तीबद्दल चार शब्द ऐकायचे, असा बेत होता. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाल्या, "शिस्त चांगलीच आहे मॅडम, पण नुसत्या तिने एवढ्यात काम झालं नसतं. चार महिन्यांपूर्वी ते सोडलेले तीन लाख भरले गेले ना, त्यामुळे खातं पूर्ण फेडलेलं झालं, कमी पैशांत मिटवल्याचा शेरा निघाला." मी विचारलं, कोणी भरले? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेड्याचं सोंग घेतेय. "दुसऱ्या कर्जदाराने. तुमच्या सूनबाईंनी."

तोच शेरा तुझ्याही नावावर असणार, कर्ज एकच होतं, सह्या दोन होत्या, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तुझं फ्लॅटचं कर्ज तीनदा नाकारलं गेलं, हे त्यांच्याकडून कळलं. ज्या विजयाचे मी चार घरी ढोल वाजवले, तो तुझ्या नावावरचा डाग होता, आणि तो तू लोकांचे दात घासून घासून काढलास. स्वतःचा आणि माझाही. मला अर्धे पैसे मागितले असतेस तर मी दिले असते. आधी तासभर भांडले असते, पण दिले असते.

मग बाईंनी फाइल काढली. माझं तीन पानी पत्र वरच होतं. त्याखाली एक चिठ्ठी: पैसे भरण्याआधी दुसऱ्या कर्जदाराने संपूर्ण फाइलची प्रत मागितली, मिळाली, सही. तुझी सही. म्हणजे तू ते पत्र वाचलंस. दुसऱ्या पानावरचं ते वाक्यही वाचलंस, ज्यात मी लिहिलं होतं की या कुटुंबाची ही अवस्था माझ्या सुनेच्या उधळपट्टीमुळे झाली. सूनबाई, त्या दीड वर्षात तू स्वतःसाठी फक्त कामावर घालायचे एक जोडी बूट घेतलेस, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कारण काहीतरी द्यायचं होतं आणि मुलाचं नाव लिहायला हात धजेना. तुझं नाव लिहायला धजला. वाक्य फार छान जमलं होतं. तेच मी चार घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि मला त्यानंतरचा रविवार आठवला. तू नेहमीसारखी आलीस. माझं बिल पाहिलंस, भिंतीवरच्या घड्याळात सेल घातलास, चहा घेतलास. आणि कप धुताना, माझ्याकडे पाठ करून, म्हणालीस, "आई, तुमचं इंग्रजी खरंच छान आहे." मी खूश झाले. मी तुला अर्धविराम कुठे वापरायचा ते समजावून सांगितलं. दहा मिनिटं. तू ऐकून घेतलंस.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल मी बँकेला नवं पत्र लिहिलं, पाचच ओळींचं: माझ्या त्या पत्रातलं सुनेबद्दलचं वाक्य खोटं आहे, लिहिताना ते खोटं असल्याचं मला माहीत होतं, पैसे माझ्या मुलाने बुडवले आणि सुनेने फेडले, तरी हे पत्र त्याच फाइलला जोडावं. ऑफिसरबाई म्हणाल्या, "मॅडम, खातं बंद झालंय, आता याची काही गरज नाही." मी म्हटलं, बँकेला नसेल, मला आहे, पोच द्या. त्यांनी शिक्का मारून दिली. त्या शिक्का मारलेल्या पत्राच्या प्रती मी त्या चारही घरी पाठवल्या. नणंदेचा लगेच फोन: "वहिनी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" चव्हाट्यावर मीच नेली होती, म्हटलं, परत आणायलाही मलाच जायला हवं. पाचवी प्रत यासोबत आहे. ठेव मोकळी झाली, तिचा एक लाखाचा चेकही आहे. बाकीचे दोन लाख दर महिन्याला थोडे थोडे करून तुझ्या खात्यात येत राहतील. परत पाठवलेस तर पुन्हा पाठवीन, मला दुसरा उद्योग नाही. पण पैशांनी ते वाक्य पुसलं जात नाही, आणि बँकेच्या शिक्क्यानेही नाही. ते तू वाचलंस, म्हणून तुलाच लिहायला हवं. माझं चुकलं. चुकून नाही, समजून उमजून. माफ केलंस का, ते विचारत नाही. फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं की मला कळव, एवढंच मागते; आणि हे सगळं वाचून रविवारी यावंसं नाही वाटलं, तर भिंगरीला मी काय सांगायचं तेही तूच ठरव. तू सांगशील तेच सांगेन, एक शब्द न बदलता.

तुझीच,
आई
(हे तू म्हणायचीस म्हणून लिहिलं. खोडायचं असेल तर खोड.)